हिरोशिमा कार्पची सुरुवातीची वर्षं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याला हिरोशिमा भेटतं ते शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात, दोन-चार ओळींत. ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ, आणि धडा पुढे सरकतो. त्या शहराचं नंतर काय झालं, तिथली माणसं पुन्हा कशी उभी राहिली, हे समजून घ्यायची मला सापडलेली सगळ्यात जवळची वाट तिथल्या बेसबॉल संघातून जाते. जपानला नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या आणि तिकडे फिरून आलेल्या मराठी मंडळींकडून या संघाबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

कार्प म्हणजे नेमका कोणता संघ? आणि ‘सुरुवातीची वर्षं’ कुठून कुठपर्यंत धरायची?

हिरोशिमा तोयो कार्प हा जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमधल्या सेंट्रल लीगचा संघ. स्थापना डिसेंबर १९४९ची, पहिला हंगाम १९५०चा आणि पहिलं विजेतेपद १९७५चं. या पंचवीस वर्षांतली पहिली सात-आठ मला सगळ्यात मोलाची वाटतात. १९५७ साली शहराच्या मध्यभागी हक्काचं मैदान मिळालं. त्याआधी दर हिवाळ्यात एकच प्रश्न असायचा : पुढच्या वर्षी संघ असेल की नाही? इथलं बरंचसं लिखाण त्याच काळाबद्दल आहे.

बाँब पडून जेमतेम चार वर्षं झाली होती. अशा शहरात व्यावसायिक संघ काढायचं सुचलं तरी कसं?

१९४५ साल संपेपर्यंत त्या एका बाँबने सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली होती. पंचाहत्तर वर्षं इथे काही उगवणार नाही, अशी तेव्हा बोलवा होती. १९४९मध्येही बरेच लोक पत्र्याच्या आणि फळकुटांच्या खोपटांत राहत होते. त्याच वर्षीच्या ६ ऑगस्टला हिरोशिमा शांतता स्मारक नगरी म्हणून उभारण्याचा खास कायदा अमलात आला आणि पुनर्बांधणीला सरकारी बळ मिळालं.

नेमकं त्याच वर्षाच्या अखेरीस जपानी बेसबॉलमध्ये मोठी फूट पडली. तोवर एकच लीग होती. तिच्या दोन झाल्या, सेंट्रल आणि पॅसिफिक, आणि नव्या संघांना जागा निर्माण झाली. मूळचे हिरोशिमाचे राजकारणी नोबोरू तानिगावा आणि शहरातल्या काही वजनदार मंडळींनी ही संधी हेरली. डिसेंबर १९४९मध्ये संघाला मान्यता मिळाली आणि १५ जानेवारी १९५० रोजी, एकेकाळी जिथे सैन्याची कवायत चालायची त्या मोकळ्या पटांगणावर, संघाचा उद्घाटन सोहळा झाला.

‘खायची भ्रांत असताना हे कसले खेळ?’ असं पुष्कळ जण विचारतात. शहर उभं करायला रस्ते, पूल, शाळा लागतातच. पण कामावरून परतताना बोलायला मेलेल्यांखेरीज दुसरा काहीतरी विषयही लागतो. कार्पने तो दिला, असं माझं मत आहे.

पण बेसबॉलच का?

कारण तो त्या मातीतलाच खेळ होता. युद्धाआधीपासून हिरोशिमा हा बेसबॉलवेडा प्रांत. शालेय संघांची देशव्यापी स्पर्धा कोशिएनच्या मैदानावर होते. तिथे हिरोशिमा कमर्शिअल स्कूलने १९२४, १९२९ आणि १९३० असं उन्हाळी विजेतेपद पटकावलं होतं. नानकाई संघाचे विख्यात व्यवस्थापक (बेसबॉलमध्ये संघ निवडणारा आणि डावपेच ठरवणारा मुख्य प्रशिक्षक) काझुतो त्सुरुओका हेही याच शाळेतून आलेले. हिरोशिमाच्या माणसांसाठी बेसबॉल हा बाहेरून आणून रुजवलेला तमाशा नव्हता. जळून गेलेल्या घरात एखादी ओळखीची वस्तू शाबूत सापडावी, तसा तो १९४५नंतर त्यांच्या हाती लागला.

‘कार्प’ हे नाव कुठून आलं?

कार्प म्हणजे गोड्या पाण्यातला एक मासा. हिरोशिमाच्या किल्ल्याचं एक जुनं नाव ‘कार्पचा किल्ला’ या अर्थाचं आहे, आणि शहरातून अनेक फाट्यांनी वाहणाऱ्या ओता नदीत हे मासे मुबलक. शिवाय धबधब्यावर उलटा चढून जाणारा कार्प शेवटी ड्रॅगन होतो, ही पूर्वेकडची जुनी कथा. मे महिन्यात जपानी घरांवर मुलांसाठी कापडी कार्प फडकतात ते त्यामुळेच. रेनबो, ब्लॅक बेअर आणि पिजन अशीही नावं सुचवली गेली होती. कार्प सुचवलं तानिगावा यांनी.

सुरुवातीला नाव ‘कार्प्स’ असं घेतलं होतं. इंग्रजीत या शब्दाचं अनेकवचनही ‘कार्प’च होतं, हे कुणीतरी लक्षात आणून दिलं आणि शेवटचा ‘स’ गळाला. जपानच्या बाराही संघांत ज्याच्या नावाला अनेकवचनाचा प्रत्यय नाही असा हा एकटाच.

मालक कोण होता?

सगळं दुखणं इथून सुरू होतं. १९५०च्या सेंट्रल लीगमधले इतर सात संघ पाहा. जायंट्समागे योमिउरी वृत्तपत्र, टायगर्समागे हानशिन रेल्वे, ड्रॅगन्समागे चुनिची वृत्तपत्र, रॉबिन्समागे शोचिकू ही सिनेमा कंपनी, व्हेल्समागे तायो ही मासेमारी कंपनी, स्वॅलोजमागे राष्ट्रीय रेल्वे आणि पायरेट्समागे निशिनिप्पोन वृत्तपत्र. हिरोशिमामागे असा एकही धनको नव्हता. प्रांताचं सरकार, आसपासच्या नगरपालिका, स्थानिक धंदेवाले आणि सामान्य लोक यांनी मिळून भांडवल उभं करायचं, असा बेत होता.

कागदावर तो सुरेख होता. पण त्या नगरपालिकांनाच स्वतःचे रस्ते दुरुस्त करायला पैसे नव्हते. कबूल केलेल्या रकमा वेळेवर आल्या नाहीत, काही आल्याच नाहीत, आणि संघ पहिल्या दिवसापासून उसनवारीवर चालू लागला.

मग खेळाडू कुठून आणले?

शुइची इशिमोतो यांच्या ओळखीतून. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे. इशिमोतो हिरोशिमाचेच. वर सांगितलेल्या हिरोशिमा कमर्शिअलच्या तिन्ही उन्हाळी विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षक तेच होते. मन एकाग्र व्हावं म्हणून शाळकरी मुलांना तलवारीच्या पात्यावरून अनवाणी चालवणारा कडक माणूस. पुढे ओसाका टायगर्सना त्यांनी १९३७च्या शरद ऋतूत आणि १९३८च्या वसंतात विजेतेपद मिळवून दिलं. अशा माणसाने रिकाम्या तिजोरीचा संघ स्वीकारला तो केवळ गावासाठी.

त्यांनी जुने शिष्य गोळा केले, उतरणीला लागलेले खेळाडू बोलावले, चाचणी घेऊन हौशी पोरं निवडली. जायंट्सकडून कात्सुमी शिराइशी हा नावाजलेला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, आला, तोही मूळचा हिरोशिमाचाच. शिराइशी आणि एक कोवळा पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा) वगळता व्यावसायिक दर्जाचे म्हणावेत असे फारच थोडे होते.

पहिला हंगाम खरंच इतका वाईट गेला?

हो. पहिला सामना १० मार्च १९५० रोजी फुकुओकात, निशिनिप्पोन पायरेट्सविरुद्ध. ५-६ असा हरले. चार दिवसांनी हिरोशिमात कोकुतेत्सू स्वॅलोजना १६-१ असं धुतलं. तो पहिला विजय. त्यानंतर मात्र घसरण थांबली नाही. हंगामाअखेर ४१ विजय, ९६ पराभव, १ बरोबरी. आठ संघांत आठवा क्रमांक, आणि पहिल्या आलेल्या शोचिकू रॉबिन्सपासून ५९ सामन्यांचं अंतर.

हे आकडे क्रिकेटच्या मापाने मोजू नका. बेसबॉलच्या हंगामात शंभराहून अधिक सामने असतात आणि विजेताही त्यातले पुष्कळ हरतो. तीनात एक जिंकणारा संघ दुबळा समजला जातो. कार्पने तेवढेही जिंकले नव्हते.

र्योहेई हासेगावाबद्दल इतकं का बोललं जातं?

तोच तो कोवळा पिचर. आइची प्रांतातून आलेला, उंची १६७ सेंटिमीटर, वजन साठ किलोसुद्धा नाही. हात डोक्यावरून न आणता बाजूने आडवा फिरवून चेंडू टाकायचा. जपानी लोक त्याला ‘छोटा महान पिचर’ म्हणतात.

बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर लिहिला जातो. पहिल्या हंगामात हासेगावाच्या नावावर १५ विजय आणि २७ पराभव लागले. संघाचे एकूण विजय ४१, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक त्याचे एकट्याचे. १९५१मध्ये संघाने अवघे ३२ सामने जिंकले, त्यातले १७ त्याचे. १९५५मध्ये त्याने ३० सामने जिंकले आणि लीगमध्ये सर्वाधिक विजयांचा मान वाटून घेतला.

सगळी कारकीर्द त्याने कार्पमध्येच काढली : १९७ विजय, २०८ पराभव. जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये पोहोचलेल्या पिचरच्या नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त असणं ही फार दुर्मीळ गोष्ट. श्रीमंत संघात असता तर दोनशेचा टप्पा त्याने सहज ओलांडला असता, असं मला मनापासून वाटतं. त्या २०८ पराभवांतल्या कितीतरी सामन्यांत त्याच्या फलंदाजांनी त्याला एक-दोन धावांहून जास्त काही दिलं नव्हतं.

पैसे नेमके का संपले? प्रेक्षक येत नव्हते का?

प्रेक्षक येत होते. अडचण तिकिटांच्या पैशांच्या वाटपात होती. तेव्हा ‘घरचं मैदान’ ही व्यवस्था जपानमध्ये पक्की झालेली नव्हती. सामना कुठेही होवो, जमलेल्या रकमेतला ७० टक्के वाटा जिंकणाऱ्याला आणि ३० टक्के हरणाऱ्याला मिळे. म्हणजे हिरोशिमाच्या लोकांनी हिरोशिमात तिकीट काढायचं आणि त्यातला मोठा हिस्सा पाहुण्यांनी घेऊन जायचा. संघ हरतो म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून चांगला खेळाडू नाही, खेळाडू नाही म्हणून पुन्हा हार. १९५२मध्ये यजमान संघाला उत्पन्न मिळण्याची पद्धत आली, तेव्हा कुठे हे चक्र सैल झालं.

तोवर पगार थकत होते. लांबच्या सामन्यांना खेळाडू सर्वांत स्वस्त डब्यातून जात आणि जागा मिळाली नाही की दोन बाकांमधल्या वाटेत वर्तमानपत्र अंथरून झोपत. दुसऱ्या दिवशी त्याच अंगाने मैदानात उतरत. कार्पची सुरुवातीची वर्षं म्हणजे बाँबच्या राखेतून झालेला चमत्कार, असं वर्णन वारंवार वाचायला मिळतं. मला ते अपुरं वाटतं. जमाखर्चाची वही उघडल्याशिवाय ही गोष्ट कळतच नाही, आणि वही उघडल्यावर त्या माणसांबद्दलचा आदर वाढतो.

संघ बंद करायचं खरंच ठरलं होतं का?

जवळजवळ ठरलंच होतं. मार्च १९५१च्या मध्यावर संचालकांसमोर दोनच वाटा होत्या : संघ विसर्जित करायचा, किंवा शेजारच्या शिमोनोसेकी शहरातल्या तायो व्हेल्समध्ये विलीन करायचा. बैठकीचा कल विलीनीकरणाकडे झुकला आणि ती बातमी रेडिओवरून शहरभर गेली. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं.

इशिमोतोंनी तिथे वेगळा प्रस्ताव मांडला. संघाला एक धनको मिळत नसेल, तर हजारो छोटे धनको उभे करू. कारखाने, कचेऱ्या, गल्ल्या, गावं अशी जागोजागी चाहत्यांची मंडळं काढायची, प्रत्येक सभासदाने ठरलेली वर्गणी द्यायची आणि त्यावर संघ चालवायचा. संचालकांनी विलीनीकरण मागे घेतलं.

मग हा चोपन्नाव्या वर्षाकडे झुकलेला माणूस फिरायला निघाला. सकाळी वर्गणीसाठी कारखान्याच्या फाटकावर, दुपारी मैदानावर संघासोबत, रात्री कुठल्यातरी शाळेच्या दालनात भाषण. स्थानिक वृत्तपत्रातूनही आवाहन केलं. त्या वर्षी सामन्यातल्या डावपेचांचा बराचसा भार शिराइशीसारख्या अनुभवी खेळाडूंवर पडला, कारण व्यवस्थापक पैसे जमवायला गेलेले असायचे. जुलै १९५१मध्ये या मंडळांची मिळून मध्यवर्ती संघटना रीतसर स्थापन झाली.

पिंपाची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. मैदानाच्या प्रवेशद्वाराशी साके या तांदळाच्या मद्याचं मोठं लाकडी पिंप ठेवलं जाई. असं पिंप साधारण ७२ लिटरचं. सामन्याला येणारे लोक त्यात नाणी आणि नोटा टाकत. फूल ना फुलाची पाकळी, ज्याला जे जमेल ते. गोदीतले कामगार, बाजारात बसणाऱ्या बाया, शाळकरी मुलं, सगळेच. सार्वजनिक उत्सवाची वर्गणी दारोदार जमवलेल्या मराठी माणसाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. फरक एवढाच, की देणाऱ्यांपैकी अनेकांच्या डोक्यावर अजून धड छप्पर नव्हतं.

पण एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पिंप डोळ्यांसमोर उभं राहतं, म्हणून तेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मुख्य पैसा मात्र इशिमोतोंच्या मंडळांच्या नियमित वर्गणीतून आला. १९५१ संपेपर्यंत जमलेली रक्कम ४० लाख येनांच्या वर गेली. पिंपाने लोकांना जवळ आणलं आणि सभासदांच्या यादीने संघ जगवला. पिंपाचं चित्र छापताना त्या यादीचा उल्लेख गळतो, याचं मला वाईट वाटतं. घरोघरी जाऊन पावत्या फाडणारी माणसं विस्मरणात जातात.

१९५२मध्ये पुन्हा संकट आलं होतं ना?

हो, आणि या वेळी ते नियमाच्या रूपात आलं. लीगमध्ये सात संघ उरले होते. संघ विषम असले की दर दिवशी एक जण रिकामा बसतो, म्हणून एक संघ कमी करायचा होता. हंगामात ३० टक्क्यांहून कमी सामने जिंकणाऱ्या संघावर कुऱ्हाड, असं ठरलं. हा नियम कुणासाठी आहे, हे हिरोशिमात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती : पहिल्या हंगामात कार्पचं प्रमाण २९.९ टक्के होतं आणि १९५१मध्येही संघ शेवटचाच होता.

त्यामुळे १९५२चा प्रत्येक सामना अस्तित्वाचा झाला. अखेरीस कार्पचे ३७ विजय, ८० पराभव, ३ बरोबरी. प्रमाण ३१.६ टक्के, सातांत सहावा क्रमांक. दोन-चार सामने इकडचे तिकडे झाले असते तर आज ही पानं लिहायचं कारणच उरलं नसतं.

शेवटच्या क्रमांकावर २८.८ टक्क्यांसह कोण होतं? शोचिकू रॉबिन्स. दोनच वर्षांपूर्वी कार्पला ५९ सामने मागे टाकून पहिला आलेला संघ. आणि तो विलीन झाला तायो व्हेल्समध्ये, म्हणजे ज्या संघाच्या पोटात कार्प जायचा होता त्याच संघात.

लोकांच्या पैशांतून खेळाडूही आणले गेले का?

आणले गेले. रॉबिन्स मोडल्यावर १९५३मध्ये त्यांचे माकोतो कोझुरू, जिरो कानेयामा आणि इसाओ मिमुरा कार्पकडे आले, आणि त्यासाठी हिरोशिमात पुन्हा वर्गणीची मोठी मोहीम झाली. कोझुरू म्हणजे साधा खेळाडू नव्हे. १९५०मध्ये त्याने ५१ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे, थेट सीमेपार जाणारे फटके) मारले होते आणि त्या हंगामातल्या १६१ धावा फलकावर आणण्याचा त्याचा जपानी विक्रम आजही टिकून आहे. असा माणूस आपल्या दहा-वीस येनांनी आला, हे सांगताना तिथल्या लोकांना काय वाटलं असेल! त्या हंगामात संघ ५३ सामने जिंकून चौथा आला. व्यवस्थापकपद शिराइशीने सांभाळलं.

अमेरिकेतून खेळाडू आले होते, ते कोण?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण मला तो फार प्रिय आहे. हिरोशिमा प्रांतातून हवाई आणि अमेरिकेत स्थलांतर केलेल्यांची संख्या जपानात सर्वांत मोठ्यांपैकी. त्यातलेच केनिची झेनिमुरा. १९०० साली हिरोशिमात जन्मले, पुढे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला स्थायिक झाले आणि तिथल्या जपानी-अमेरिकन बेसबॉलचा कणा बनले. युद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा झेनिमुरा कुटुंब ॲरिझोनातल्या गिला रिव्हर छावणीत होतं. तिथल्या वाळवंटात या माणसाने झुडपं उपटून, जमीन सपाट करून बेसबॉलचं मैदान उभं केलं आणि कैदेतल्या हजारोंना सामने पाहायला मिळाले.

त्यांचे दोन मुलगे, केन्सो आणि केन्शी, १९५३मध्ये कार्पकडून खेळायला हिरोशिमात आले. ज्या देशाने बाँब टाकला त्याच देशाचे नागरिक, त्याच देशाने कुंपणात कोंडलेले, आणि आता वडिलांच्या जन्मगावाच्या संघात. लोकांनी त्यांचं अपार प्रेमाने स्वागत केलं. १९५५मध्ये फ्रेस्नोकडचाच सातोशी हिरायामा आला. फिबर या टोपणनावाने तो ओळखला जाई. ठेंगणा, चपळ, चेंडूच्या मागे भिंतीवर आदळायला न कचरणारा. दहा हंगाम तो हिरोशिमात खेळला.

स्वतःचं मैदान कधी मिळालं?

१९५७च्या जुलैमध्ये. तोवर सामने शहराच्या पश्चिमेकडच्या प्रांतीय मैदानावर व्हायचे. तिथे दिवे नव्हते, त्यामुळे सामने दुपारचे आणि कामगार माणसाला यायचं तर खाडा. नव्या मैदानासाठी दहा स्थानिक कंपन्यांनी मिळून १६ कोटी येन दिले. अवघ्या काही महिन्यांत बांधकाम झालं, दिव्यांसकट.

जागा कुठली, तर बाँबमध्ये सांगाडा उरलेल्या त्या घुमटाच्या, आज जागतिक वारसा असलेल्या इमारतीच्या, अगदी समोर. मध्ये फक्त ट्रामचा रस्ता. २४ जुलैच्या पहिल्या सामन्यात हानशिनने कार्पला १५-१ असं चिरडलं. तरी लोक येत राहिले. घुमट अंधारात आणि पलीकडे दिव्यांचा लख्ख प्रकाश, असं ते दृश्य पुढची पन्नास वर्षं हिरोशिमाकरांनी पाहिलं.

आजही संघ नागरिकांच्याच मालकीचा आहे का?

कायद्याच्या अर्थाने नाही. जुनी कंपनी कर्जात बुडाली, १९५५च्या अखेरीस तिच्या जागी नवी काढली गेली. पुढे तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा ही मोटार कंपनी, आणि तिचे प्रमुख त्सुनेजी मात्सुदा यांचा सहभाग वाढत गेला. १९६८पासून नावात ‘तोयो’ आलं. आज सूत्रं मात्सुदा कुटुंबाकडे आहेत. पण लोक ‘आमचा संघ’ म्हणतात ते भागभांडवलाच्या हिशेबाने नव्हे. आजोबांनी पिंपात पैसे टाकले होते, हा त्यांचा सातबारा.

लाल टोपी पहिल्यापासूनच होती का?

नाही, हा सर्रास होणारा गैरसमज आहे. १९७४पर्यंत टोपी गडद निळी होती. १९७५मध्ये अमेरिकन व्यवस्थापक जो लुट्झ यांनी ती लाल केली, लढाऊ वृत्तीचा रंग म्हणून. स्वतः लुट्झ पंचांशी झालेल्या वादानंतर पहिल्याच महिन्यात सोडून गेले. टोपी राहिली.

मग जिंकले कधी?

विजय पराभवांपेक्षा जास्त, असं पहिल्यांदा घडलं १९६०मध्ये : ६२ विजय, ६१ पराभव. पहिल्या तिघांत यायला १९६८ उजाडलं. तोवर ‘कार्पचा जोर कापडी कार्प फडकतात तोवरच’, म्हणजे मे महिन्यापुरताच, असं हिणवलं जायचं. १५ ऑक्टोबर १९७५ रोजी, टोकियोत जायंट्सच्याच मैदानावर त्यांना ४-० असं हरवून कार्पने लीग जिंकली. लुट्झ यांच्यानंतर संघ हाती घेतलेले ताकेशी कोबा, फलंदाज कोजी यामामोतो आणि साचिओ किनुगासा, पिचर योशिरो सोतोकोबा ही त्या संघाची नावं. नवव्या डावात गेल हॉपकिन्सने तीन धावांचा होम रन मारला तेव्हा निकाल पक्का झाला.

काही दिवसांनी हिरोशिमाच्या शांतता मार्गावरून मिरवणूक निघाली. गर्दीत काही जणांनी घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी उंच धरल्या होत्या, त्यांनाही दिसावं म्हणून.

हा दिवस पाहायला इशिमोतो होते का?

होते. तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. १९८२मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर संघाने १९७९ आणि १९८०ची जपान सिरीजही, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, जिंकली होती. हासेगावानेही हे सगळं पाहिलं.

हिरोशिमाला गेलो तर या काळाचं काय पाहता येईल?

सामने आता रेल्वे स्थानकाजवळच्या, २००९मध्ये सुरू झालेल्या नव्या मैदानावर होतात. ते मैदान बांधायच्या वेळी शहरात पुन्हा पिंपं ठेवली गेली होती. जुनं मैदान पाडलं आहे, तिथे आता मोकळी बाग आहे. ट्रामने ‘गेनबाकू डोम-माए’ थांब्यावर उतरा. बहुतेक प्रवासी घुमटाकडे वळतात. तुम्हीही आधी तिकडेच जा. मग परत फिरून रस्ता ओलांडा आणि थोडा वेळ त्या गवतावर उभे राहा. हासेगावा जिथून चेंडू टाकायचा ती जागा तिथेच कुठेतरी होती.